गालातली बी

ओगावारा-सान मला आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. माणूस नजरेआड झाला की त्याच्याबद्दल गोड गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. पण ते जिवंत आहेत, धडधाकट आहेत आणि मराठी त्यांना वाचता येत नाही, तेव्हा माझ्यावर तशी काही सक्ती नाही. इतका निष्ठुर माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी पुण्यात वाढले आहे.

आमची कंपनी सामन्यांच्या व्हिडिओचे हवे तसे तुकडे पाडणारं सॉफ्टवेअर बनवते. तोक्योतल्या एका तिसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल क्लबने ते विकत घेतलं आणि सोबत ते चालवणारं माणूसही मागितलं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी निशी-कसाईत राहत होते आणि क्लबचं मैदान आराकावा नदीच्या काठावर, सायकलने जाता येईल असं होतं. मॅनेजरने नकाशा पाहिला आणि माझं नाव टाकलं. मुळे मॅडमची तिथे पहिल्याच दिवशी, आदराचं 'सान' जोडून, 'मुरे-सान' झाली.

ओगावारा-सान त्या संघाचे कांतोकु, म्हणजे प्रशिक्षक, संघनिवड करणारे, डावपेच ठरवणारे, सबकुछ. पन्नाशी उलटलेली, मान जाड, डाव्या भुवईत जुन्या टाक्यांची खूण. गुडघे इतके कामातून गेलेले की खुर्चीतून उठताना त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत यायचा. एके काळी देशाच्या संघातून खेळलेला हा माणूस पुढे टोपली असलेल्या, आया मुलांना पाळणाघरात सोडायला वापरतात तसल्या सायकलवरून मैदानावर यायचा. टोपलीत एक डबा असे. डब्यात बायकोने घरी घातलेली उमेबोशी. मिठात मुरवलेलं हे फळ इतकं आंबटढाण असतं की पहिल्यांदा खाल्लं तेव्हा माझे कान हलले होते. ओगावारा-सान बैठकीच्या सुरुवातीला एक उमेबोशी तोंडात टाकत. गर लगेच संपे, पण टणक बी ते गालात धरून ठेवत. बैठक संपली असं ते कधीच म्हणत नसत. बी कागदात थुंकली की बैठक संपली. ते काहीही बोलत असले तरी पोरांची नजर त्यांच्या त्या फुगलेल्या गालावर असायची.

बैठकीचं नाव हान्सेइकाई. आपल्या चुकांचा विचार करण्यासाठी सगळ्यांनी एकत्र बसायचं, अशी ही जपानी रीत आहे. शाळेत असते, ऑफिसात असते, माझ्या मुलीच्या दुसरीच्या वर्गातही सहलीनंतर झाली होती. साधारणपणे प्रत्येकजण उभा राहतो, माझं अमुक चुकलं म्हणतो, वाकतो आणि बसतो. यात कुणाला फारसं लागत नाही, कारण माणूस स्वतःची चूक सांगताना हात राखूनच सांगतो. ओगावारा-साननी तेवढंच हेरलं होतं. त्यांच्याकडे स्वतःची चूक सांगायला बंदी होती. खुर्च्या गोलाकार मांडायच्या, पडद्यावर मी तुकडा लावायचा आणि ज्याचा तुकडा असेल त्याच्या उजवीकडच्याने उठून त्याची चूक सांगायची. इतर कुणी बोलायचं नाही. शेजाऱ्याला बगल द्यायची सोय नव्हती.

पण न्यायाला धरून सांगायचं तर या खेळाची सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली होती. मी रुजू झाले त्या आठवड्यात त्यांनी मला एक जुना व्हिडिओ शोधायला सांगितला. सापडायला वेळ लागला नाही, कारण त्यांच्या नावाने शोधलं की तोच पहिला येतो. मोसमाचा शेवटचा सामना. ओगावारा-सान तेव्हा बचावफळीत खेळत. त्यांचा क्लब पहिल्या श्रेणीत राहणार की खाली ढकलला जाणार, ते त्या सामन्यावर ठरणार होतं. दाट धुकं. चेंडू त्यांच्या पायाशी. आजूबाजूला प्रतिस्पर्धी नाही, घाई नाही. ते मागे न पाहता आपल्याच गोलरक्षकाकडे चेंडू सरकवतात. गोलरक्षक मात्र जागा सोडून बराच पुढे आलेला. चेंडू सावकाश, अगदी सावकाश घरंगळत आपल्याच गोलमध्ये जातो. क्लब खाली गेला. शहरातल्या दोन पिढ्या त्यांना फक्त तेवढ्याचसाठी ओळखतात.

हा तुकडा त्यांनी पहिल्या बैठकीत पडद्यावर लावायला लावला. पुन्हा लावायला लावला. मग आपल्या उजवीकडे बसलेल्या होशिनाला म्हणाले, "सांग."

होशिना हा आमचा गोलरक्षक. संघातला सगळ्यात थोराड, शांत, शब्दाला महाग. तो उठला. घसा खाकरला. "कांतोकुंनी पास देण्याआधी पाहिलं नाही," म्हणाला.

"बरोबर. बस." मग ओगावारा-सान सगळ्यांकडे वळले. "मैदानावर नशीब नसतं. फक्त न पाहणं असतं. तुमच्यातला प्रत्येकजण या पडद्यावर येणार. जोवर येतोय तोवर घाबरू नका. ज्याची चूक मी काढत नाही, त्याला मी सोडून दिलंय असं समजा."

त्यांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: पुन्हा खाली जायचं नाही. त्या गोलनंतर शाळांची पोरं शिकवून, कुणाकुणाचे सहायक राहून, बर्फात अडकलेल्या गावांच्या क्लबांत दिवस काढून त्यांना ही जागा मिळाली होती. हा क्लबही मी तिथे होते त्या दोन्ही मोसमांत तळाशी घसरत होता. पहिल्या वर्षी जेमतेम वाचला. दुसऱ्या वर्षी गेला, तर ओगावारा-सानना पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. हे ते जाणून होते, आम्ही जाणून होतो, चहाच्या मशीनमध्ये डबे भरायला येणारा माणूसही जाणून होता.

"सोडून दिलंय" या शब्दांचा अर्थ मला मिनातोमुळे कळला. मिनातो हा आघाडीचा खेळाडू, हसरा, केस पिवळे केलेला. त्याच्या चुका इतक्या की माझा अर्धा दिवस त्याचे तुकडे पाडण्यात जायचा. मग एका आठवड्यात ओगावारा-सान म्हणाले, "मिनातोचं काही नको." मला वाटलं, चला, सुधारला. बैठकीच्या शेवटी मिनातोनेच हात वर केला. "कांतोकु, माझं काय चुकलं?"

"काही नाही. छान खेळलास," ओगावारा-सान म्हणाले. हसून म्हणाले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर आल्यावर मी मिनातोचं अभिनंदन केलं. आपल्याकडे दहा वेळा ओरडणारे सर अकराव्या वेळी 'छान' म्हणाले की आई पेढे आणायला धावते. मिनातोचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्यापुढे वाकला, "थँक यू, मुरे-सान," म्हणाला आणि बूट हातात धरून अनवाणीच पायऱ्या उतरला. पुढच्या सामन्यात त्याने मुद्दाम सोपा गोल हुकवला. केवळ पडद्यावर यावं म्हणून. मी तुकडा तयार ठेवला. ओगावारा-सान म्हणाले, "नको." मिनातो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत राहिला, इतरांच्या चुका होत राहिल्या आणि मोसम संपताच क्लबने त्याला मोकळं केलं. आता तो कुठेतरी मोटारींच्या शोरूममध्ये काम करतो म्हणे. मला त्या दिवशी ओगावारा-सानचा असा राग आला होता की त्यांचा तो उमेबोशीचा डबा नदीत भिरकावून द्यावा.

दुसऱ्या वर्षी माझे बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बाबा साताऱ्याजवळच्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना हा देश शाळेसारखा वाटला आणि म्हणून फार आवडला. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्यांची टोपणं वेगळी, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि खालच्या मजल्यावरच्या जपानी आजोबांची चूकही एकदा पकडून दाखवली. माझ्या तोंडून ओगावारा-सानबद्दल ऐकल्यावर ते खूश झाले. "अस्सा माणूस पाहिजे! तुमच्या पिढीला कुणी बोललं की लगेच तुमची मनं दुखावतात." माझी मुलगी रेवा जेवता जेवता म्हणाली, "कोवाई." भीतीच वाटते, असं तिला म्हणायचं होतं. बाबांनी तिला मराठीत बोल म्हणून सुनावलं.

बाबांना मैदान पाहायचं होतं. मी भीतभीतच विचारलं. ओगावारा-सान म्हणाले, "वडील गुरुजी होते? मग बैठकीलाच बसू द्या." असे बाबा स्वेटर घालून, मांडीवर छत्री ठेवून त्या सोमवारी मागच्या भिंतीशी बसले. मी हळू आवाजात त्यांना सांगत होते.

आदल्याच आठवड्यात होशिनाचे वडील वारले होते. ओगावारा-सान अंत्यविधीला गेले होते, शेवटपर्यंत गुडघ्यांवर बसून राहिले होते, उठताना त्यांना दोघांनी धरावं लागलं होतं. दुसऱ्याच दिवशी सामना होता. सुटी घे, असं क्लबने होशिनाला सांगितलं. तो "खेळतो" म्हणाला आणि ओगावारा-साननी त्याला खेळवलं. शेवटाकडे अगदी साधा, लांबून आलेला फटका त्याच्या हातांखालून गेला. सामना हातचा गेला.

तो तुकडा पडद्यावर आला. होशिनाच्या उजवीकडे एक तरुण बचावपटू होता. तो उठला, त्याने पडद्याकडे पाहिलं, होशिनाकडे पाहिलं. "चूक नाही," तो म्हणाला.

ओगावारा-सान ताडकन उठले. गुडघे कडाडले. "चूक नाही? म्हणजे तू याला सोडून दिलंस? बाप गेला म्हणून याचं खेळणंही गेलं, असं म्हणायचंय तुला?" ते पडद्याकडे वळले. "मग मी सांगतो. चेंडू येत होता तेव्हा हा जमिनीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गोलरक्षकाचे डोळे कोरडे पाहिजेत. रडायचं असेल तर घरी रड, होशिना. इथे तू बाप गेलेला मुलगा नाहीस."

होशिना उभा राहिला, कमरेत वाकला, म्हणाला, "माझ्याकडे लक्ष दिल्याबद्दल आभारी आहे." बी कागदात पडली. बैठक संपली.

आम्ही दोघं बांधावरून चालत निघालो. बाबांना रोज सांगावं लागायचं, बाबा जरा हळू चाला. त्या दिवशी तेच मागे पडत होते. चालता चालता म्हणाले, "मीही असाच होतो का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्या बापाशी बोललेलं खोटं कुणी पाप धरत नाही. पण ती बैठक डोक्यात भिनली होती. "हो बाबा," मी म्हटलं. "तुम्ही असेच होतात. नववीत माझा भूमितीचा पेपर तुम्ही अख्ख्या वर्गात वाचून दाखवलात. मला वाटलं होतं, आता शाळाच सोडावी."

"पेपर वाईटच होता."

"होता. पण वाचायला नको होता."

बाबा थांबले. मग म्हणाले, "हं. वाचायला नको होता." घरी आल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी स्वतःच्या हाताने चहा केला. साखर फार झाली होती. मी तेही सांगितलं. बाबा हसले आणि मी इतकी वर्षं त्यांच्यावर धरून ठेवलेली अढी त्या गोडमिट्ट चहाबरोबर निम्मी तरी उतरली.

होशिनाचं तसं झालं नाही. तो चांगला खेळू लागला, हे कबूल करायला हवं. त्याचे डोळे खरोखरच कोरडे झाले. पण त्या सोमवारपासून तो ओगावारा-सानशी अत्यंत सभ्यपणे वागायला लागला. पूर्वी तो त्यांच्याशी वाद घालायचा, कधी पाठ फिरवून जायचा, एकदा तर त्याने हातमोजा आपटला होता. आता सगळ्याला "होय, कांतोकु." दार उघडून धरायचा. सायकलची टोपली पावसात भिजू नये म्हणून वर प्लास्टिक टाकायचा. हळूहळू सगळा संघच तसा सभ्य झाला. ओगावारा-सानना ते कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मला वाटतं, त्यांना ती शिस्त वाटली.

शेवटच्या सामन्याला आम्हाला फक्त बरोबरी पुरेशी होती. बाबा तोवर साताऱ्याला परतले होते आणि तिथून फोनवर सामना बघत होते. आम्ही एका गोलने पुढे होतो. मग बरोबरी झाली, तरी चालणार होतं. पोरं छान खेळत होती, चेंडू सगळा वेळ पलीकडच्या अर्ध्यात होता. आणि ओगावारा-सान घाबरले. आघाडीचा खेळाडू बाहेर काढून त्यांनी आणखी एक बचावपटू आत घातला आणि रेषेवर उभं राहून दोन्ही हातांनी पोरांना मागे ओढायला लागले. मागे या, मागे या! सगळा संघ आपल्याच गोलपुढे येऊन गर्दी करून उभा राहिला. गोलपुढे इतकी माणसं की होशिनाला समोरचं दिसेना. त्या पायांच्या गर्दीतून चेंडू आत गेला.

शिट्टी वाजल्यावर संघ रीतीप्रमाणे प्रेक्षकांपुढे ओळीने उभा राहून वाकला. कुणी शिवी दिली नाही. वर एक बाई क्लबचा स्कार्फ घडी करून पिशवीत ठेवत होती. मला बाबांचा फोन आला. "अगं, जिंकत आलेल्या पोरांना मागे कशाला ओढलं त्यांनी? मला इथून दिसत होतं. त्यांना कुणीतरी सांगा."

दुसऱ्या दिवशी शेवटची हान्सेइकाई झाली. क्लबने ओगावारा-सानना काढल्याचं सकाळीच कळवलं होतं, पण बैठक घ्यायला ते आले. पहिल्या दिवसानंतर कधीही न केलेली गोष्ट त्यांनी केली. खुर्ची ओढली आणि पोरांच्या वर्तुळात, होशिनाच्या डावीकडे बसले. उमेबोशी तोंडात टाकली. मला म्हणाले, "मुरे-सान, शेवटची दहा मिनिटं. मैदान नको. रेषेवरचा कॅमेरा."

पडद्यावर ते स्वतः आले. दोन्ही हात हलवणारा, तोंड वासलेला, घाबरलेला म्हातारा. मागे या, मागे या.

"होशिना, सांग."

खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साताऱ्यातल्या माणसाला ठाऊक होतं. होशिना उठला. हात पँटच्या शिवणीला लावले आणि खूप खाली वाकला. "कांतोकुंची काहीच चूक नव्हती," तो म्हणाला. "दोन वर्षं आपण आमच्यासाठी फार कष्ट घेतलेत. मनापासून आभार." आणि तो हसला.

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, सगळे वाकले, सगळ्यांनी एका सुरात आभार मानले.

"होशिना." ओगावारा-सानचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा निघाला. "तुला दिसलंय. तू मागे होतास, तुला सगळ्यात जास्त दिसलंय. सांग."

"काही नाही, कांतोकु. छान होतं."

पोरं एकेक करून निघाली. दारात थांबून, वळून, वाकून. कुणी दार आपटलं नाही. ज्या तरुण पोराच्या अंगावर ते त्या सोमवारी धावून गेले होते, त्याने जाताना त्यांची खाली पडलेली टोपी उचलून, झटकून खुर्चीवर ठेवली. मला तोवर वाटायचं की या माणसावर एकदा अशी वेळ यावी. ती आली आणि मला ते बघवेना. त्या पोरांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओगावारा-साननी माझ्याकडे पाहिलं. मी केबल गुंडाळायची थांबले. मला ठाऊक होतं, बाबांनी शब्दसुद्धा दिले होते. मी तोंड उघडलं.

"तुम्ही नको," त्यांनी हात वर केला. "तुम्ही माझ्या शेजारी बसलेल्या नाहीत."

मी पडदा बंद करायला गेले तर म्हणाले, राहू दे. म्हणून राहू दिला. तुकडा संपायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. पिशवी घेऊन दाराशी आले तेव्हा ते गोलातल्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये ताठ बसले होते, उजवीकडच्या खुर्चीकडे तोंड करून. कागदाचा तुकडा हातात तयार होता. मी दार लोटलं तेव्हा त्यांचा गाल अजून फुगलेलाच होता.